हीट पंप चालू, तरी एक खोली गार: घरभर सारखी ऊब कशी आणावी

नॉर्थ कॅरोलायना, व्हर्जिनिया, जॉर्जिया या भागात घर घेतलं की बऱ्याचदा हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली ऊब ओढून घरात आणणारं विजेचं यंत्र, त्यात असतोच. आता न्यू जर्सीपासून सिअ‍ॅटलपर्यंत जुना गॅस फर्नेस काढूनही तो बसवला जातोय. त्यासोबत एक तक्रार हमखास ऐकू येते: खाली दिवाणखान्यात ७० अंश, आणि वर गॅरेजच्या डोक्यावरच्या बेडरूममध्ये ६३. मग थर्मोस्टॅट ७४ वर नेला जातो, खालच्यांना उकडायला लागतं, वरच्यांचं पांघरूण काही सुटत नाही आणि विजेचं बिल तेवढं फुगतं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा हा प्रकार. (या लेखातले सगळे अंश फॅरनहाइट आहेत.)

गॅस फर्नेसमधून १२० ते १४० अंशांची हवा येते. हीट पंपाची हवा साधारण ८५ ते १०० अंशांची असते. तळहाताची त्वचाच ९०च्या आसपास असल्यामुळे व्हेंटवर हात धरला की ती कोमट, कधी चक्क गार लागते. यात बिघाड काहीच नाही. हवा कमी गरम असली तर तेवढीच ऊब पोचवायला ती जास्त लागते, एवढाच याचा अर्थ. म्हणून हीट पंपाच्या घरात बऱ्याच तक्रारींचं मूळ यंत्रात सापडत नाही. हवा खोलीपर्यंत जाते कशी आणि परत येते कशी, यात सापडतं.

आकडे समोर ठेवू. हवेचा प्रवाह सीएफएममध्ये मोजतात, म्हणजे मिनिटाला किती घनफूट. हीट पंपाला एका टनामागे (टन म्हणजे यंत्राच्या ताकदीचं माप) ३५० ते ४५० सीएफएम लागतात. ४०० धरून चालायचं. ३ टनांचं यंत्र म्हणजे १२०० सीएफएम. आता जुना फर्नेस बघा. तासाला प्रत्यक्ष ६०,००० बीटीयू (उष्णतेचं एकक) देणारा आणि हवा ५५ अंशांनी तापवणारा फर्नेस साधारण १०१० सीएफएमवर भागवायचा. ते डक्ट तसेच ठेवून वर ४ टनांचा हीट पंप बसवला, तर त्याच नळकांड्यांतून १६०० सीएफएम ढकलायचे आहेत. ते जात नाहीत. आवाज वाढतो, जवळच्या खोल्यांना हवा मिळते, शेवटच्या खोलीला उरलंसुरलं.

आधी मोजा, मग हात घाला

तीन-चार साधे डिजिटल थर्मामीटर घ्या. ते आधी तासभर एकाच टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि कोणता किती पुढे-मागे दाखवतो ते लिहून घ्या. स्वस्त थर्मामीटरांत दोन अंशांचा फरक सहज असतो, आणि आपण शोधतोय तोच मुळी पाच-सात अंशांचा फरक. मग प्रत्येक खोलीत आतल्या भिंतीजवळ, जमिनीपासून चार फुटांवर ठेवा. बाहेर ३० अंशांच्या आसपास असताना, पहाटे उन्हं यायच्या आत नोंद करा. खोल्याखोल्यांत दोन-तीन अंशांचा फरक कोणत्याही घरात राहणारच. त्यापुढे असेल तर पुढचं वाचा.

दुसरी नोंद हवेच्या तापमानाची. हीट पंप सलग पंधरा मिनिटं चालू द्या, ऑक्झिलरी हीट, म्हणजे मदतीला असलेल्या विजेच्या पट्ट्या, लागलेली नाही याची थर्मोस्टॅटवर खात्री करा, आणि तीन ठिकाणी मोजा: रिटर्नच्या जाळीपाशी (जिथून खोल्यांतली हवा यंत्रात परत ओढली जाते), एअर हँडलरमधून म्हणजे घरातल्या युनिटमधून हवा बाहेर पडते त्या मोठ्या पेटीत म्हणजे प्लेनममध्ये, आणि गार खोलीच्या व्हेंटपाशी. समजा प्लेनममध्ये ९५ आणि व्हेंटपाशी ८२ भरले, तर १३ अंश वाटेत सांडले. मग तो डक्ट थंड अ‍ॅटिकमधून (छपराखालच्या माळ्यातून) उघडा जातोय किंवा कुठेतरी फाटलाय. व्हेंटपाशी ९३ आहे पण झुळूक जेमतेम जाणवते, तर हवा पुरेशी पोचत नाहीये. आणि हवा गरमही आहे, भरपूरही आहे, तरी खोली गार, तर दोष खोलीच्या भिंती-जमिनीत आहे. या तीन वाटा वेगळ्या आहेत आणि त्यांचे उपाय एकमेकांना लागू पडत नाहीत.

प्रवाहाचा अंदाज घ्यायला ३३ गॅलनची कचऱ्याची पिशवी पुरते. तिचं तोंड वायरच्या हँगरवर ताणून चिकटवा, आतली हवा पूर्ण काढा आणि व्हेंटवर दाबून धरा. भरायला किती सेकंद लागतात ते फोनवर मोजा. पिशवीत ४.४ घनफूट मावतात. ३ सेकंदांत भरली तर साधारण ८८ सीएफएम, ६ सेकंद लागले तर ४४. पिशवी कधीच पूर्ण ताठ फुगत नाही, म्हणून या आकड्यावर घर विकत घेऊ नका. पण एका खोलीत ३ सेकंद आणि दुसरीत ११ लागत असतील, तर गोष्ट स्पष्ट आहे.

एकूण प्रवाह तपासायचीही एक चांगली युक्ती आहे. थर्मोस्टॅट इमर्जन्सी हीटवर टाकला की बाहेरचं युनिट बंद होतं आणि फक्त विजेच्या पट्ट्या हवा तापवतात. त्यांची ताकद एअर हँडलरच्या पाटीवर लिहिलेली असते. किलोवॅट गुणिले ३४१२ करा, त्याला (१.०८ गुणिले तापमानातली वाढ) या आकड्याने भागा, म्हणजे सीएफएम. १० किलोवॅटच्या पट्ट्या, रिटर्न ६८ आणि पुरवठा १०८, म्हणजे वाढ ४० अंश. उत्तर आलं ७९०. यंत्र ३ टनांचं असेल तर एक तृतीयांश हवा गायब आहे. थर्मामीटर मात्र डक्टच्या पहिल्या वळणापलीकडे घाला, नाहीतर पट्ट्यांची धग थेट त्याला लागून आकडा फुगेल. काही यंत्रांत पट्ट्या दोन टप्प्यांत लागतात, आणि बदलत्या वेगाच्या ब्लोअरमध्ये (हवा ढकलणाऱ्या पंख्यात) या मोडचा वेग वेगळा ठेवलेला असतो. या दोन्ही गोष्टी मॅन्युअलमध्ये बघून मगच गणित मांडा. मोजून झालं की मोड परत साध्या हीटवर आणायला विसरू नका. महिनाभर इमर्जन्सी हीटवरच राहिलेली घरं कमी नाहीत, आणि त्या महिन्याचं बिल लक्षात राहण्यासारखं असतं.

फिल्टर आणि रिटर्न

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? ब्लोअरला हवा ओढताच आली नाही, तर तो पुढे ढकलणार काय? म्हणून काम नेहमी रिटर्नपासून सुरू करायचं. हा भाग लोक सगळ्यात जास्त दुर्लक्षतात, आणि सगळ्यात स्वस्तात सुटतो तोही हाच.

ढोबळ हिशेब असा: फिल्टरच्या दर चौरस इंचाला २ सीएफएम. १२०० सीएफएमला ६०० चौरस इंच हवेत. घराघरांत सापडणारा २० बाय २० चा फिल्टर ४०० चौरस इंचांचा असतो, २० बाय २५ चा ५००चा. त्यात अ‍ॅलर्जीच्या काळजीने कोणी एक इंच जाडीचा मर्व १३ (मर्व म्हणजे फिल्टर किती बारीक गाळतो त्याचा आकडा) घातला, की ब्लोअरचा गळाच आवळला जातो. एक इंची खाचेत मर्व ८ पुरे. मर्व १३ हवाच असेल तर चार-पाच इंच जाडीच्या फिल्टरची पेटी बसवून घ्या. त्याच्या घड्यांमुळे हवेला जायला कितीतरी जास्त कागद मिळतो. किंवा रिटर्नची दुसरी जाळी काढून घ्या.

आपल्या घरांत आणखी एक गोष्ट होते. ओपन किचन, रोजची फोडणी, तळण, आणि चिमणी अशी की धूर जाळीतून गाळून परत स्वयंपाकघरातच सोडते. ते तेलाचे बारीक कण रिटर्नमधून फिल्टरवर बसतात आणि त्यावर धूळ चिकटते. असा फिल्टर दिसायला करडा असतो, पण बोट फिरवलं की चिकट लागतं. पाकिटावर तीन महिने लिहिलेलं असलं तरी अशा घरात दर महिन्याला बघा. बाहेर हवा टाकणारी चिमणी बसवता आली तर फार उत्तम.

शंका असेल तर पाच मिनिटांसाठी फिल्टर काढून गार खोलीत पिशवी लावा. ११ सेकंदांचे ७ झाले, तर चोर सापडला. फिल्टरशिवाय यंत्र त्याहून जास्त वेळ चालवू नका. कॉइलवर धूळ बसली की ती साफ करायला टेक्निशियनच लागतो.

बंद दारं

बहुतेक घरांत व्हेंट प्रत्येक बेडरूममध्ये असतो, रिटर्न मात्र एकच, जिन्यापाशी. दार लावलं की आत आलेल्या हवेला परत जायला दाराखालची फट सोडून वाट नसते. खोलीत दाब वाढतो, नवी हवा यायची थांबते, आणि तीच जास्तीची हवा खिडक्यांच्या फटींतून बाहेर जाते. बाहेर गेली तेवढी थंड हवा घरात दुसरीकडून शिरते.

दार बंद असताना खोली आणि पॅसेज यांतल्या दाबाचा फरक ३ पास्कलच्या (पास्कल हे दाबाचं एकक) आत राहायला हवा. त्या दाबाला ३० इंच रुंद दाराखालची पूर्ण एक इंचाची फट जेमतेम ५५ सीएफएम सोडते. आणि कार्पेटवर एक इंच फट कुठे असते? १०० सीएफएमच्या खोलीला साधारण ५५ चौरस इंच मोकळी जागा लागते. जाळीच्या पट्ट्या काही भाग अडवतात, तेव्हा भिंतीत किंवा दारात ७५ चौरस इंचांची जाळी धरा, म्हणजे १२ बाय ६ किंवा थोडी मोठी. आवाज आणि उजेड नको असेल तर भिंतीच्या दोन बाजूंना एक जाळी वर आणि एक खाली, मधली पोकळी वाट म्हणून, असं करता येतं; पोकळीत वायर किंवा नळ नाही हे आधी पाहा. वर अ‍ॅटिक असेल तर खोलीच्या छतातून पॅसेजच्या छतात आठ-दहा इंची फ्लेक्स डक्टचा (वाकणाऱ्या नळीचा) एक तुकडा टाकतात. तोही चांगला चालतो.

हे खरंच कारण आहे का, याची परीक्षा फुकट आहे: दोन रात्री दार उघडं ठेवून पहाटेचं तापमान बघा.

अ‍ॅटिक किंवा क्रॉलस्पेसमधले (घराच्या जमिनीखालच्या बुटक्या पोकळीतले) डक्ट

सकाळी लवकर चढा, एन९५ मास्क घाला, आणि पाय फक्त लाकडी जॉइस्टवर (आडव्या तुळयांवर) किंवा त्यावर आडव्या टाकलेल्या फळीवर ठेवा. मध्ये पाय पडला तर तो खालच्या खोलीच्या छतातून बाहेर येतो. १९८०च्या आधीच्या घरात सांध्यांवर पांढरी कागदी-कापडी पट्टी किंवा जमिनीवर चमकदार खड्यांसारखं इन्सुलेशन दिसलं, तर हात लावू नका. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, आधी तपासणी करून घ्या.

गार खोलीचा डक्ट प्लेनमपासून शेवटपर्यंत हाताने चाचपत जा. नेहमी सापडतं ते असं: भारतवारीच्या रिकाम्या सुटकेसा आणि दिवाळीच्या सामानाचे खोके फ्लेक्सवर ठेवलेले, खालून तो चपटा झालेला. किंवा वीस फुटांच्या वाटेला पंचवीस फूट पाइप वापरून जादा भाग मध्येच लोंबत सोडलेला. फ्लेक्सच्या आत तारेचं वेटोळं असतं. तो ताणला नाही की आतलं अस्तर चुण्या धरतं आणि प्रत्येक चुणी हवेला अडवते. पूर्ण ताणलेल्या पाइपापेक्षा १५ टक्के आखडलेल्या पाइपात दाबाचा तोटा कितीतरी वाढतो. जादा तुकडा कापून टाका. दर ४ फुटांवर आधार द्या, पट्टी किमान दीड इंच रुंद घ्या, म्हणजे ती इन्सुलेशनमध्ये रुतणार नाही. दोन आधारांमधली झोळ फुटाला अर्ध्या इंचापेक्षा जास्त नको. वळण द्यायचं तर पाइपाच्या व्यासाएवढी तरी त्रिज्या हवी. बूटपाशी (व्हेंटच्या मागच्या पत्र्याच्या पेटीपाशी) काटकोनात मुडपलेला फ्लेक्स दिसला तर तिथे पत्र्याचा एल्बो बसवा.

मग गळती. अमेरिकेतल्या सरासरी घरात डक्टमधून जाणाऱ्या हवेपैकी २० ते ३० टक्के हवा फटींतून वाया जाते. सांध्यापाशी इन्सुलेशन काळपट झालेलं दिसलं की तिथून हवा गळतेय समजा. ते फायबर फिल्टरसारखं धूळ अडवतं, म्हणून काळं पडतं.

सांधा असा बंद करा. ब्रेकरवरून यंत्र बंद. फ्लेक्सचं बाहेरचं इन्सुलेशन मागे सारा. आतलं अस्तर पत्र्याच्या कॉलरवर निदान एक इंच चढवा आणि प्लास्टिकचा पट्टा ताणणीने घट्ट ओढा. नुसत्या हाताने ओढलेला पुरत नाही. पत्र्याच्या दोन नळ्यांच्या सांध्याला तीन स्क्रू मारा. धूळ पुसून ब्रशने मॅस्टिक (सांधे बुजवायचा लेप) लावा, नाण्याच्या जाडीएवढं, सांध्याच्या दोन्ही बाजूंना एकेक इंच. पाव इंचापेक्षा मोठी फट असेल तर आधी फायबरग्लासची जाळीदार टेप, मग मॅस्टिक. एक दिवस वाळू द्या, मग इन्सुलेशन पुढे ओढून बाहेरचं आवरण यूएल १८१ छापलेल्या फॉइल टेपने बंद करा. दुकानात डक्ट टेप या नावाने मिळणारी करडी कापडी टेप इथे अजिबात वापरू नका. उष्णतेने तिचा गोंद वाळतो आणि ती सुटते. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने १९९८मध्ये चाचण्या करून हे दाखवून दिलं आहे. शेवटी खाली उतरून प्रत्येक व्हेंटची जाळी काढा आणि बूट व ड्रायवॉल यांच्यामधली फटही बुजवा. ती जवळजवळ प्रत्येक घरात उघडीच असते. अ‍ॅटिकमधल्या डक्टवर आर-८ इन्सुलेशन असावं.

डँपर

हे सगळं झाल्यावरच डँपरकडे, म्हणजे डक्टमधल्या झडपेकडे वळा. मुख्य डक्टमधून फाटा फुटतो तिथे छोटा दांडा असतो. दांडा पाइपाच्या दिशेने म्हणजे उघडा, आडवा म्हणजे बंद. आधी सगळे पूर्ण उघडा. मग सगळ्यात गरम राहणाऱ्या, यंत्राजवळच्या एका खोलीचा डँपर थोडा फिरवा. सुरुवातीला काहीच फरक पडत नाही. साधारण निम्मा बंद होत आला की एकदम परिणाम दिसतो. एका वेळी एकच डँपर, मग चोवीस तास थांबून पुन्हा तापमान. कोणताही डँपर पूर्ण बंद करू नका. दांड्याजवळ मार्करने हिवाळ्याची आणि उन्हाळ्याची खूण करून ठेवा: हिवाळ्यात गरम हवा वर चढते म्हणून खालच्या मजल्याला जास्त हवा लागते, उन्हाळ्यात वरच्या.

खोलीतल्या व्हेंटच्या पट्ट्या बंद करणं हा डँपरला पर्याय नाही. ‘वापरात नसलेली खोली बंद केली की वीज वाचते’ हा समज हीट पंपाच्या बाबतीत उलटाच पडतो. प्रवाह घटतो, यंत्रात फिरणाऱ्या रेफ्रिजरंट गॅसचा दाब वाढतो, कॉम्प्रेसर जास्त वीज खातो. उन्हाळ्यात तर कॉइलवर बर्फही धरू शकतो.

थर्मोस्टॅट

रात्री ६२, सकाळी ७० ही फर्नेसची सवय सोडा. आठ अंशांची उडी दिसली की थर्मोस्टॅट ऑक्झिलरी हीट लावतो, आणि तिथे एका युनिटला एकाच युनिटची ऊब मिळते. हीट पंप सौम्य थंडीत त्याच युनिटात दोन-तीन पट देतो. रात्रंदिवस एकच आकडा ठेवा, फार तर दोन अंश खाली. सेटिंगमध्ये ऑक्झिलरी हीटसाठी बाहेरच्या तापमानाची मर्यादा (जिच्यावर ती लागतच नाही) असेल तर ती ३० ते ३५च्या दरम्यान लावून बघा.

फॅन सर्क्युलेटवर, तासाला पंधरा-वीस मिनिटं, ठेवल्याने मजल्यांमधला फरक थोडा कमी होतो. डक्ट थंड अ‍ॅटिकमध्ये असतील तर मात्र याने गार हवाच फिरते. दमट उन्हाळ्यात फॅन सतत चालू ठेवला तर कॉइलवरचं पाणी पुन्हा हवेत मिसळतं, म्हणून तेव्हा ऑटो.

मधूनच काही मिनिटं गार हवा आली आणि बाहेरच्या युनिटमधून वाफ निघताना दिसली, तर तो डीफ्रॉस्ट आहे, म्हणजे यंत्र बाहेरच्या कॉइलवरचा बर्फ वितळवतंय. घाबरू नका.

तरीही ती खोली गारच

गॅरेजवरच्या खोलीत बहुधा जमीनच गुन्हेगार असते. गॅरेजच्या छतात इन्सुलेशन आहे की नाही, ते वरच्या लाकडाला चिकटून आहे की खाली सुटून लोंबतंय, आणि कडेच्या जॉइस्टच्या टोकांतून वारा शिरतो का, हे बघा. उतरत्या छताखालच्या बुटक्या भिंतींच्या मागेही तेच. इथे डक्ट वाढवून काही होत नाही. इन्सुलेशन करूनही भागलं नाही, तर त्या खोलीला वेगळा मिनी स्प्लिट (डक्टशिवाय चालणारा छोटा हीट पंप) बसवता येतो. सहसा ९००० बीटीयूचा सुचवतात, पण १२० चौरस फुटांच्या खोलीला तो मोठाच पडतो, सारखा चालू-बंद होत राहतो. ६००० बीटीयूचा मिळाला तर तो मागा.

रेफ्रिजरंटला हात लावायचा तर कायद्याने ईपीएचं (अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचं) सेक्शन ६०८ प्रमाणपत्र लागतं, आणि ब्लोअरचा वेग बदलणंही टेक्निशियनवर सोडा. त्याला बोलावताना फक्त ‘खोली गार आहे’ असं सांगू नका. टोटल एक्स्टर्नल स्टॅटिक प्रेशर, म्हणजे ब्लोअरला किती दाबाविरुद्ध हवा ढकलावी लागते ते, मोजून द्या, असं सांगा. बहुतेक एअर हँडलर ०.५ इंच पाण्याच्या दाबासाठी बनवलेले असतात, ०.८ आला तर फिल्टरवर किती, रिटर्नवर किती, पुरवठ्यावर किती हे वेगवेगळं लिहून मागा. फिल्टरवर ०.१च्या वर जात असेल तर पहिला खर्च तिथेच करा. मोजमाप न करता कोणी मोठं यंत्र सुचवलं, तर त्याला मॅन्युअल जे या प्रमाण पद्धतीने प्रत्येक खोलीला किती ऊब लागते त्याचा हिशेब आणि मॅन्युअल डी या पद्धतीने डक्टचा आराखडा मागा, आणि काम झाल्यावर प्रत्येक व्हेंटचे सीएफएम लिहिलेला कागद हातात पडल्याशिवाय शेवटचा चेक देऊ नका.